वगळलेल्या टिपा

नकाशाताईंच्या शेजारच्या टेबलावर मी तीन वर्षं बसले आणि तीन वर्षांत मला त्यांच्याबद्दल दोनच गोष्टी कळल्या होत्या. एक, त्या डबा कधी गरम करत नाहीत. दोन, कॉम्प्युटरच्या पडद्यावर एखादी सूचना आली आणि तिच्याखाली ‘ठीक’ असं बटण असलं, की त्या आधी माउसवरून हात काढून घेतात. मग ती सूचना ओठ हलवत, शब्द न् शब्द वाचतात. मग दुसऱ्यांदा वाचतात. मग कुठे बटण दाबतात. साधा कागद छापायचा तरी पाच मिनिटं. सगळे हसायचे. ‘ताईंचं मशीनशी बोलणं चाललंय’ म्हणायचे. मीही हसायचे.

आमची कंपनी दवाखान्यांना लागणारी यंत्रं बनवायची. नाडी मोजणारी, थेंब मोजून औषध सोडणारी, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या. प्रत्येक यंत्राच्या पोटात सर्किट असतं आणि प्रत्येक सर्किटचा एक नकाशा असतो: कोणता भाग कुठे, कशाला जोडलेला, वीज कुठून येते न् कुठे जाते. असे नकाशे एकतीस वर्षं या एकट्या बाई काढत आणि सांभाळत होत्या. म्हणून नकाशाताई. खरं नाव फक्त हजेरीच्या यंत्राला ठाऊक होतं.

ज्या प्रोग्राममध्ये आम्ही हे नकाशे काढायचो, तो बनवणाऱ्या मंडळींनी एके दिवशी दुकान गुंडाळलं. नकाशे आमचे, पण ते उघडायची किल्ली त्यांच्याकडे, अशी गत. तेव्हा साहेबांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, ठरवलं की आता नकाशा लिहून ठेवायची रीत आपली आपण ठरवायची. आपला स्वतःचा फाइल फॉरमॅट. प्रोग्राम लिहिणारी मी, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. त्यात काय काय सोयी हव्यात ते ठरवायला बैठक बोलावली.

बैठकीला आम्ही पाच जण. साहेब फळ्यापाशी खडू घेऊन. दोन इंजिनिअर होते, एक उंच आणि एक बुटका, आणि त्यांचं आपसात कधी पटायचं नाही. उंचाला हवं होतं की एका नकाशावर तिघांनी एकाच वेळी काम करता यावं. बुटक्याला हवं होतं की फाइल साध्या अक्षरांत असावी, कुठल्याही प्रोग्रामशिवाय डोळ्यांनी वाचता यावी. मला हवं होतं की प्रत्येक भागाला असा एक क्रमांक असावा जो जन्मभर बदलणार नाही. साहेबांना हवं होतं की हे सगळं सहा महिन्यांत व्हावं.

“आणि चहाही करून देईल का तुमचा फॉरमॅट?” बुटका म्हणाला.

“ताई, तुमचं काय?” साहेबांनी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं. उत्तराची वाट न बघता ते खडू खाली ठेवत होते.

“जे कळत नाही, ते टाकून द्यायचं नाही,” ताई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“जुनी फाइल नव्या प्रोग्रामनं उघडली. त्यात असं काही सापडलं की ते ठेवायला नव्यात जागाच नाही. तर प्रोग्राम काय करतो? वगळतो. तसं करायचं नाही. कळो न कळो, जसंच्या तसं उचलून पुढे ठेवायचं. आणि काय कळलं नाही ते माणसाला दाखवायचं, एकेक करून. ‘इतके भाग वगळले, ठीक?’ असं विचारून मोकळं व्हायचं नाही.”

एवढं लांब बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. आवाज नेहमीचाच होता. साहेबांनी फळ्यावर तळाशी लिहिलं, ‘अनोळखी माहिती जपणे’. उंच इंजिनिअर म्हणाला, “कचराही जपायचा का?” आणि बैठक संपली.

त्याच आठवड्यात बसमध्ये एक प्रकार घडला. आमची वाट एकच, संध्याकाळी पाचची बस. मधल्या एका थांब्यावर बस उभी होती. ताई खिडकीशी होत्या. बाहेर एक माणूस पाठमोरा चालला होता, किंचित वाकलेला, कानावर पेन खोचलेलं. ताई उठल्या, माझ्या पायांवरून जवळजवळ उडी मारून खाली उतरल्या आणि त्या माणसामागे धावल्या. पर्स सीटवरच. मी पर्स घेऊन मागोमाग उतरले. कोपऱ्यापर्यंत जाऊन त्या थांबल्या होत्या, भिंतीला हात टेकून. तो माणूस वळून त्यांच्याकडे बघत होता. कोणी सुतार असावा, खांद्याला हत्यारांची पिशवी होती.

“ओळखीचे वाटले का?” मी विचारलं.

“ते गेले गं,” ताई म्हणाल्या. “तेरा वर्षं झाली.”

“मग?”

“मग काय. तरी उतरते मी. दर वेळी उतरते.”

यापुढे त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. पुढच्या बसने आम्ही घरी गेलो. मला मात्र त्या दिवसापासून एक खोड लागली. रस्त्यात कोणी पाठमोरं, वाकून चालताना दिसलं की मी ताईंकडे बघायचे.

नव्या फॉरमॅटची परीक्षा घ्यायची तर सगळ्यात जुन्या फाइली हव्यात. कंपनीत आजवर दोन प्रोग्राम होऊन गेले होते. आताचा दुसरा. वीस वर्षांपूर्वी पहिल्यातून दुसऱ्यात सगळे नकाशे उतरवून घेतले गेले होते. पहिल्याच्या मूळ फाइली कुणीच नंतर बघितल्या नव्हत्या, कारण ज्या मशीनवर त्या उघडायच्या ती मशीनं भंगारात गेली होती. चपट्या चौकोनी डिस्कचे सात खोके तेवढे कपाटाच्या वर धूळ खात होते. मी ते उतरवले, तशा डिस्क वाचणारा एक जुना खोका कुठूनसा पैदा केला आणि वाचक प्रोग्राम लिहायला बसले.

ताईंनी सांगितलेला नियम मी घातला होता: कळत नाही ते टाकू नकोस, दाखव. आणि पहिल्याच फाइलीत दिसलं की जवळजवळ प्रत्येक भागामागे काहीतरी गाठोडं आहे. चिन्हांचा नुसता खिचडा. दोन दिवस मी त्याच्याशी झटापट केली. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की ती साधी अक्षरंच आहेत. त्या काळी अक्षरांना वेगळे आकडे द्यायचे, म्हणून ओळखू येत नव्हती. आकड्यांचा तक्ता जुळवला आणि फाइल पुन्हा उघडली.

दुपारच्या जेवणाची वेळ होती. खोलीत मी आणि ताईच. त्या माझ्या खुर्चीमागून डबा घेऊन चालल्या होत्या.

पडद्यावर नकाशा आला आणि भागाभागाशेजारी वाक्यं उमटली.

‘हा रेझिस्टर उगाच मोठा वाटेल. उगाच नाही.’

‘ही तार लांबून नेली आहे. आळस नव्हे. जवळून नेली तर मोटरचा आवाज हिच्यात शिरतो.’

‘इथे मी दोनदा चुकलो. तिसरी पाळी तुमची येऊ नये.’

मला मजा वाटली. एवढी वर्षं आम्ही हे नकाशे मुके म्हणून बघत होतो, आणि आत हा माणूस बोलत बसला होता. मी खाली सरकत गेले, मोठ्यानं वाचत गेले. एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘ही चूक नकाशाताईंनी पकडली. मी पकडली नसती. आभारी आहे.’

“ताई! तुमचं नाव!” मी म्हणाले. “कोण लिहायचं हे सगळं?”

त्यांनी माझ्या खुर्चीची पाठ धरली आणि त्या खोक्यांकडे वळल्या.

“पेटीचा उघड,” त्या म्हणाल्या. “बाळांच्या पेटीचा. चौथ्या खोक्यात आहे, निळ्या चिठ्ठीची डिस्क.”

वीस वर्षांत त्या खोक्यांना कुणाचा हात लागला नव्हता, आणि यांना चिठ्ठीचा रंग पाठ होता.

मी डिस्क घातली. नकाशा आला. ताईंनी बोट ठेवलं तिथे एक छोटा फ्यूज होता, आतली उष्णता बेताबाहेर गेली तर वितळून वीज तोडणारा. त्याच्याशेजारी चार ओळी होत्या:

‘हा फ्यूज याच बनावटीचा हवा. बाजारात अगदी असाच दिसणारा दुसरा मिळतो, तो चौदा अंश उशिरा तुटतो. बदलू नये. अगदीच मिळेनासा झाला तर आधी मला विचारा.’

ताईंनी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं, ओठ हलवत. डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि खोलीतून निघून गेल्या.

मला त्या जिन्यात सापडल्या, मधल्या पायरीवर बसलेल्या. तिथेच त्यांनी मला सांगितलं. मी जसं ऐकलं तसं लिहिते.

सर्किटं आखणाऱ्या आणि नकाशांत टिपा लिहिणाऱ्या त्या इंजिनिअरना सगळे टाचणवाले म्हणायचे. कानावर सदा पेन आणि दिसेल त्यावर टाचण लिहायची सवय. दरवाजावर ‘हळू ओढा, बिजागर थकलंय’, पाण्याच्या पिंपावर ‘भरून झाकण लावणाऱ्याचं भलं होवो’. स्वभावानं भिडस्त, पण लिहायला बसले की वाघ. नवा प्रोग्राम आला तेव्हा जुने नकाशे त्यात उतरवायचं काम ताईंना मिळालं. चारशे बारा नकाशे. प्रत्येक उतरवला की पडद्यावर सूचना यायची: ‘काही घटक ओळखता आले नाहीत. ते वगळले आहेत.’ खाली बटण, ‘ठीक’.

“चारशे बारा वेळा दाबलं गं मी,” ताई म्हणाल्या. “पहिल्यांदा वाचलं. साहेबांना विचारलंही, हे साहेब नव्हेत, तेव्हाचे. ते म्हणाले, चित्र नीट दिसतंय ना? मग पुढे चला. चित्र नीट दिसत होतं. मग मी वाचायचंच सोडून दिलं.”

नव्या प्रोग्रामात भागाला टीप जोडायची सोयच नव्हती. टाचणवाल्यांच्या सगळ्या टिपा त्या बटणाखाली गेल्या. ते तेव्हा दुसऱ्या कामावर होते, जुने नकाशे उघडून बघायचं त्यांना कारण पडलं नाही. वर्षभरानं तो फ्यूज बाजारात मिळेना. खरेदी विभागानं नकाशा बघितला, टीप नव्हती. तसाच दिसणारा दुसरा आणला. पन्नास पेट्यांत बसवला. एकोणपन्नास पेट्या चालल्या. एका दवाखान्यात एका पेटीचा पंखा बंद पडला, फ्यूज वेळेवर तुटला नाही, आणि एक बाळ दगावलं. चार दिवसांचं होतं.

चौकशी बसली. टाचणवाले म्हणाले, मी टीप लिहिली होती. समितीनं नकाशा उघडला. टीप नव्हती. नकाशे सांभाळतं कोण? ताईंना बोलावलं.

“टेबलापलीकडे तिघे. एका बाजूला ते, मान खाली. मला विचारलं, या फाइलमध्ये अशी टीप आहे का? मी म्हटलं, नाही. खोटं नव्हतं ते. या फाइलमध्ये नव्हतीच. तेव्हा त्यांनी मान वर केली आणि मला म्हणाले, ‘ताई, जुनी बघितलीत का?’ अगदी हळू. अध्यक्ष म्हणाले, साक्षीदाराला तुम्ही प्रश्न विचारायचा नाही. मला म्हणाले, तुम्ही जा.”

“आणि तुम्ही गेलात,” मी म्हणाले. मला ते असं म्हणायचं नव्हतं.

“गेले. तेवढंच असतं तर निभलं असतं, पोरी.” त्या पायरीवरची धूळ बोटानं पुसत होत्या. “त्यांनी लेखी मागणी केली, जुनी फाइल उघडून बघा म्हणून. कंपनीनं कळवलं की जुनी मशीनं शिल्लक नाहीत. एक होतं. गोदामात, दारामागे, कापड घालून. भंगारवाला यायचा होता. मला माहीत होतं, मीच कापड घातलं होतं. तीन आठवडे ते तिथे होतं. रोज सकाळी गोदामात जायचे, बघायचे, आहे. बाहेर यायचे. मूग गिळून बसायचे. टीप निघाली तर ती कुणी वगळली हे निघालं असतं. बाळ कुणामुळे गेलं ते निघालं असतं. पाचावर धारण बसली होती माझी. चौथ्या आठवड्यात गेले तर दारामागे काही नव्हतं. आणि तुला सांगते, मला हायसं वाटलं. ते हायसं वाटलेलं अजून मला सोडत नाही. बाकी सगळं एक वेळ विसरेन.”

खापर टाचणवाल्यांवर फुटलं. राजीनामा मागून घेतला. पुढे सहा वर्षं त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत पंखे, मिक्सर दुरुस्त केले आणि मग गेले. ताई त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा जाऊन परत आल्या होत्या.

“घरी माहीत आहे?”

“ह्यांना? नाही.” ताईंचे यजमान छापखान्यात मुद्रितशोधक होते, निवृत्त झालेले. “आयुष्यभर दुसऱ्यांची गळलेली अक्षरं शोधली त्यांनी. बायकोची कशी शोधणार? काखेत कळसा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या, तेव्हा रात्रीच त्यांनी यजमानांना सगळं सांगून टाकलं होतं. त्यांनी म्हणे आधी विळी पुढ्यात ओढली. मग म्हणाले, “शुद्धिपत्र लाव. उशिरा लागलं तरी ते पुस्तकालाच लागतं.” आणि भाजी चिरायला घेतली.

मी त्या नकाशाचा छापील कागद काढून दिला, टिपेसकट, जुन्या फाइलवरच्या तारखेसकट. तारीख अपघाताच्या दोन वर्षं आधीची होती. ताई तो घेऊन साहेबांकडे गेल्या. मला सोबत नेलं, कारण ‘हे तू छापलंस, मी नाही, हे तू सांग’ म्हणाल्या. स्वतःच्या शब्दावर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला.

“एकोणीस वर्षं झाली, ताई. ते साहेब गेले, ते अध्यक्ष गेले, तो माणूस गेला. आता हे उकरून कुणाचं भलं होणार?”

“भलं नाही व्हायचं कुणाचं,” ताई म्हणाल्या. “पण खरं काय ते लिहिलेलं असायला हवं.”

“तुमची ती सोय फॉरमॅटमध्ये आपण घेतोच आहोत. अनोळखी माहिती जपणे. झालं की. कारण कशाला लिहायचं?”

“कारण नाही लिहिलं तर पाच वर्षांनी कुणीतरी म्हणेल, ही सोय उगाच आहे, काढून टाका.”

साहेबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “वर्षभरात निवृत्त होताय. डाग लावून घेऊन जाणार का?”

“डाग आहेच, साहेब. आजवर दुसऱ्याच्या सदऱ्यावर होता.”

त्यांनी निवेदन लिहून आणलं होतं. दोन पानं, मशीन, कापड, तीन आठवडे, सगळं. साहेबांनी घेतलं नाही. तेव्हा त्या खाली गेल्या आणि पत्रं घेणाऱ्या कारकुनाकडे देऊन पोच घेतली.

मग राहिलं ते घर. ताई म्हणाल्या, “तू चल. मी दारातून परत फिरले तर तू मागे उभी अस.” शनिवारी दुपारी गेलो. अरुंद गल्ली, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, दोरीला लटकवलेले ब्लाउज, आणि कोपऱ्यात एक पंखा, जाळी काढलेला, तेरा वर्षं तसाच.

दार उघडणाऱ्या बाई साठीच्या. डोळ्यांवर चष्मा, गळ्यात मोजपट्टी. त्यांनी ताईंकडे नीट बघितलं.

“तुम्ही नकाशाताई,” त्या म्हणाल्या.

“वहिनी, तुम्ही मला कधी बघितलंच नाही.”

“ते तुमच्याबद्दल सांगायचे. चष्मा कपाळावर ठेवून शोधता म्हणून.” चष्मा तेव्हाही ताईंच्या कपाळावर होता. कुणीच हसलं नाही. “या.”

ताईंनी बसायच्या आधी कागद पुढे केला. वहिनींनी तो खिडकीपाशी नेऊन वाचला. चारच ओळी, पण त्यांना वेळ लागला. मग ताईंनी सांगितलं, उभ्यानं. बटण. चौकशी. मशीन. कापड. एकही गोष्ट गाळली नाही. मी भिंतीला टेकून उभी होते. खालून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं, तिचं चाक कुरकुरत लांब जाईपर्यंत ऐकू येत होतं.

“मशीन गोदामात आहे, हे त्यांना माहीत होतं?” वहिनींनी विचारलं.

“नाही.”

“बरं झालं.” त्यांनी कागदाची घडी घातली, परत उलगडली. “तुम्ही घाबरलात हे त्यांना समजलं असतं. ते म्हणायचेच, ताई भ्याल्या, त्यांचा दोष नाही. पण तुम्हाला माहीत होतं, हे कळलं असतं तर तो माणूस तेव्हाच गेला असता.”

ताई काहीतरी बोलायला गेल्या. वहिनींनी हात वर केला.

“माझं होऊ दे. पहिली दोन वर्षं रोज म्हणायचे, मी लिहिली होती. तिसऱ्या वर्षी म्हणायला लागले, लिहिली असणार. मग म्हणेनासे झाले. जायच्या आधी दोन महिने, इथे, या खुर्चीत बसून मला म्हणाले, ‘अगं, मी विसरलोच असेन. सगळ्यावर लिहिलं आणि तेवढं एक राहिलं माझं. मारलं मी त्या पोराला.’ मी म्हटलं, नाही हो. ते म्हणाले, तुला काय माहीत. खरंच की, मला काय माहीत? मी कुठे बघितली होती टीप?”

त्यांचा आवाज चढला नव्हता, हेच जास्त ऐकवत नव्हतं.

“तेच मनात धरून गेले. एकोणीस वर्षं तुम्ही मान खाली घातलीत, ते ठीक. पण त्यांना तेवढं एक वाक्य सांगायला हवं होतंत. जगाला नका सांगू. नुसतं इथे येऊन, या जिन्यात उभं राहून. ‘टीप असेल हो, मी वगळली असेल.’ एवढंच.”

ताई खाली बसल्या. खुर्चीवर नाही, जमिनीवर, चिंध्यांच्या ढिगाशेजारी. रडल्या नाहीत. मला वाटलं, रडतील तर बरं. वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग मशीनवर जाऊन बसल्या आणि अर्धवट राहिलेली एक बाही शिवून पुरी केली. पायाखालचा पट्टा खडखडत होता. बाही झाल्यावर दोरा तोडून म्हणाल्या, “रागावले आहे मी तुमच्यावर. आधी कुणावर रागवायचं ते माहीत नव्हतं. आता माहीत आहे. ह्याचं बरं वाटतंय का वाईट, ते मला सांगता यायचं नाही.”

आम्ही निघालो. दारात त्यांनी मलाच विचारलं, “अजून आहेत का? त्यांच्या टिपा?”

“तीन हजारांच्या वर,” मी म्हणाले.

“आणा,” त्या म्हणाल्या. मग ताईंकडे बघून, “तुम्ही आणा. मला त्यातलं काही कळायचं नाही. समजावून सांगायला कुणीतरी लागेल.”

कंपनीचं पत्र चार महिन्यांनी गेलं. पोच असलेलं निवेदन गिळता येईना, म्हणून गेलं. अडीच ओळींचं: पूर्वीचा निष्कर्ष अपुऱ्या माहितीवर आधारलेला होता, संबंधित अभियंत्यानं आवश्यक ती सूचना नकाशात नमूद केली होती, कंपनीला खेद आहे. वहिनींनी ते वाचून कागद उलटा करून बघितला, मागे काही आहे का म्हणून. ताईंवर कुठली कारवाई झाली नाही. त्याचं त्यांना वाईट वाटलं असावं.

फॉरमॅट आम्ही अकराव्या महिन्यात पुरा केला. त्याच्या नियमपुस्तकात त्या सोयीखाली कारण लिहिलेलं आहे, आठ ओळींत. साहेबांनी दोनदा खोडलं, ताईंनी तिसऱ्यांदा लिहिलं. बुटक्या इंजिनिअरनं, ज्याला मी आजवर नुसता विदूषक समजत होते, स्वतःहून खाली सही केली. मग उंचानं केली. मग साहेबांना इलाज राहिला नाही.

ताई निवृत्त झाल्या. दर शनिवारी छापील कागदांचा एक गठ्ठा घेऊन त्या गल्लीत जातात. वहिनी शिवत असतात, या वाचतात, अर्थ सांगतात. पहिले कितीतरी शनिवार पाणीसुद्धा विचारलं नाही म्हणे. मी एकदा गेले तेव्हा दोघींचा वाद चालला होता. एका टिपेत टाचणवाल्यांनी ‘ह्याला धीर धरायला शिकवावं लागतं’ असं लिहिलं होतं. ताई म्हणत होत्या, हा कपॅसिटर आहे, हळू भरतो, त्याच्याबद्दल आहे. वहिनी म्हणत होत्या, नाही, हे आमच्या जावयाबद्दल असणार.

राहिले ते बाळाचे आईवडील. ताईंनी त्यांनाही पत्र लिहिलं, पण पाठवायचं कुठे? आमच्या कागदांत त्या बाळाचं नावसुद्धा नव्हतं, चौथ्या दिवशी नाव कोण ठेवतं? फक्त आईच्या खाटेचा क्रमांक होता. दवाखाना म्हणाला, पत्ता देता येणार नाही, पण पत्र आमच्याकडे द्या, आम्ही पोचवायचा प्रयत्न करू. ताईंनी दिलं. त्याला आता दोन वर्षं झाली. ते मूल असतं तर आज बाविशीचं असतं, हा हिशेब ताई करतात, दर वाढदिवसाला. वाढदिवस अर्थातच त्यांना पाठ आहे.

मी मध्ये एकदा दवाखान्यात फोन करून विचारलं, पत्र पोचलं का. पलीकडच्या बाई म्हणाल्या, नोंद दिसत नाही, पण नोंद नाही म्हणजे पोचलंच नसेल असं काही सांगता येत नाही. ताईंना हे कसं सांगावं, याचा मी अजून विचार करते आहे.